चार आठवड्यांचा दगड : घरच्या घरी हायपरटुफाची कुंडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्ते बोलणार असताना आमच्या वाट्याला कुंडीचा विषय आला आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. आयुष्य केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत टिपणे लिहिण्यात गेले. सिमेंट आणि चुना यांवर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे उत्तर एवढेच, की हा विषय मुळात नवशिक्यांसाठी आहे. आणि नवशिक्याचे पाऊल नेमके कोठे अडखळते, हे तज्ज्ञापेक्षा कालपरवापर्यंत नवशिका असलेल्या माणसास अधिक ठाऊक असते.

आपल्यापैकी बहुतेकांची या शहरातील हकीगत सारखीच आहे. नोकरीनिमित्त येथे आलो, सरकारी वसाहतीत किंवा भाड्याच्या सदनिकेत राहिलो. उद्याननगरी म्हणून ज्या शहराची ख्याती, तेथे आपल्या वाट्याला आला तो हातभर रुंदीचा सज्जा, आणि नशीब बलवत्तर असेल तर सामाईक गच्चीचा एक कोपरा. जमिनीत झाड लावावे तर जमीन आपली नाही. लावलेच तर बदलीचा हुकूम निघताच ते मागे ठेवून जायचे. दोन-तीन गावी अशी झाडे मागे ठेवून आलेली मंडळी या सभागृहात पुष्कळ असतील, आम्हीही त्यांच्यातलेच. अशा माणसाची सारी जमीन म्हणजे कुंडी. तिचा सातबारा तरी आपल्या नावावर असतो, आणि बदली झाली तर ती मालमोटारीत आपल्याबरोबर येते.

बदलीवर आलेल्या माणसाने एखाद्या शहराला काय द्यावे, याचे एक उदाहरण येथेच आहे. गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल हे मूळचे जर्मन उद्यानतज्ज्ञ. लंडनच्या क्यू उद्यानात काम केल्यानंतर १८९३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास आले आणि पुढे १९०८ साली म्हैसूर दरबारच्या सेवेत बंगळुरास दाखल झाले. लालबागेची आणि या शहरातील वृक्षराजीची घडण ज्यांच्या हातून झाली त्यांत त्यांचे स्थान वरचे आहे. १९५६ साली त्यांचे निधन झाले तेही याच शहरात. मराठी संस्थानातून येथे आलेला हा माणूस येथलाच झाला. आपली झेप लालबागेएवढी नसेल. पण एक कुंडी तरी आपल्या हातची असावी, एवढी इच्छा धरण्यास हरकत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. हायपरटुफा हे नाव ऐकून ते एखाद्या औषधाचे असावे असे वाटते. टुफा हा एक नैसर्गिक दगड आहे. चुन्याचे क्षार विरघळलेले झऱ्याचे पाणी वर्षानुवर्षे झिरपत राहिले, की तो क्षार थराथराने साचतो आणि त्यातून छिद्राछिद्रांचा, हलका, मऊसर चुनखडक तयार होतो. त्या छिद्रांत पाणी धरून राहते, हवा खेळते आणि मुळे सहज शिरतात. डोंगरउतारावरील नाजूक वनस्पती जोपासणाऱ्या युरोपातील बागाइतांना म्हणूनच त्याचे फार अप्रूप. पण हा दगड हवा तेथे आणि हवा तेवढा मिळत नाही.

इंग्लंडातील खेड्यांत गुरांना पाणी पाजण्याच्या दगडी डोणी असत, स्वयंपाकघरांत दगडात कोरलेली भांडी धुण्याची कुंडे असत. आपल्याकडे विहिरीकाठी डोण असे, माजघरात उखळ आणि पाटा असे, तोच प्रकार. नळ आले, नवी भांडी आली आणि या दगडी वस्तू अडगळीत गेल्या. तेव्हा बागाइतांनी त्या उचलून त्यांत छोटी डोंगरी झाडे लावण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लॅरन्स इलियट या रोपवाटिकाकाराने हा प्रकार लोकप्रिय केला. मागणी वाढली तशा जुन्या डोणी दुर्मिळ झाल्या, किमती चढल्या, आणि गरजेपोटी लोकांनी सिमेंट, वाळू आणि पीट कालवून नकली डोणी घडवण्यास आरंभ केला. तीच हायपरटुफा. आजही बंगळुरातील जुन्या घरांच्या दाराशी इडलीचे पीठ वाटण्याचा ‘ओरळु कल्लु’ टाकून दिलेला दिसतो आणि कोणीतरी रसिक त्यात कमळ किंवा कोरफड लावतो. इंग्लंडातील बागाइताची प्रेरणा याहून वेगळी नव्हती.

सिमेंट आणि बाग यांचे नाते तर याहूनही जुने आहे. ज्याला आपण पोर्टलंड सिमेंट म्हणतो त्याचे पेटंट जोसेफ अस्पडिन याने १८२४ साली घेतले. पुढे लोखंडाची जाळी आत घालून सिमेंटला बळकटी आणण्याचे एक पेटंट १८६७ साली फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए याने घेतले. हा मोनिए व्यवसायाने माळी होता आणि ते पेटंट बागेतील कुंड्यांसाठी होते. आज आपल्या डोक्यावर जे स्लॅब आहेत त्यांच्या वंशावळीत एक माळ्याची कुंडी आहे, ही गोष्ट आम्हांला मोठी मौजेची वाटते.

आता ही कुंडी बंगळुरात, आपल्या हाताने कशी करावी ते पाहू. परदेशी पुस्तकांत सिमेंट, पीट आणि परलाइट असे तीन घटक सांगितलेले असतात. यांपैकी पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेले शेवाळ. त्याचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटरच्या हिशेबाने वाढतो, आणि त्या दलदलीत पृथ्वीवरील कार्बनाचा मोठा साठा बंदिस्त आहे. तो उकरून कुंडीत घालणे शहाणपणाचे नाही. आणि आपल्याला त्याची गरजही नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तो, म्हणजे कोकोपीट, आपल्या दाराशी आहे. तुमकूर जिल्हा नारळासाठी प्रसिद्ध, तिपटूरची खोबऱ्याची बाजारपेठ तर सर्वज्ञात. काथ्याच्या उद्योगासाठी १९५३ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारने कॉयर बोर्ड स्थापन केले. त्याची काथ्या तंत्रविज्ञानाची संस्था याच शहरात पीण्या येथे आहे. कोकोपीट आता विटेच्या आकारात कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. पाच किलोची वीट पाण्यात भिजवली, की फुगून साठ-सत्तर लिटरचा ढीग होतो.

मात्र ते जसेच्या तसे वापरू नये. त्यात क्षार असतात, तसेच शर्करा आणि टॅनिनसारखी द्रव्ये असतात, आणि सिमेंटला साखर सोसत नाही. जुन्या वाड्यांच्या चुन्यात कारागीर गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालीत, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. चुन्याला ते मानवत असे. सिमेंटचे मात्र उलट : थोडीशी साखरदेखील त्याचे घट्ट होणे लांबणीवर टाकते. म्हणून कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन, घट्ट पिळून, मग चाळणीने चाळून घ्यावे. लांब धागे बाजूला काढावेत. नाहीतर कुंडीला मिशा फुटतात.

परलाइट म्हणजे ज्वालामुखीतून निघालेली काच सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून लाह्यांसारखी फुलवलेली. हातात घेतली तर वजन जाणवत नाही. कुंडी हलकी होते ती याच्यामुळे आणि कोकोपीटमुळे. सिमेंट साधे करडे घ्यावे. हल्ली बाजारात राखमिश्रित, म्हणजे पोत्यावर ‘पीपीसी’ अशी अक्षरे असलेले सिमेंट अधिक मिळते. ते चालते, मात्र त्याला बळ येण्यास सुरुवातीस थोडा अधिक वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे. पोते तीन महिन्यांहून जुने असेल किंवा आत गाठी झाल्या असतील, तर ते घेऊ नये. एका कुंडीसाठी पन्नास किलोचे पोते विकत घेण्याचेही कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानात सुटे सिमेंट मिळते.

प्रमाण मापाने घ्यावे, वजनाने नव्हे. सिमेंट दोन मापे, कोकोपीट तीन मापे, परलाइट तीन मापे. कुंडी मोठी करायची असेल आणि अधिक मजबुती हवी असेल, तर परलाइटचे एक माप कमी करून त्याजागी दगड दळून केलेली, येथे ‘एम सँड’ नावाने मिळणारी वाळू घालावी. कुंडी तेवढी जड होईल, पण चिवट होईल.

वजनाचा हिशेब एकदा मांडून पाहू, कारण सज्जात राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० उंच अशी चौकोनी डोण घ्या. भिंती आणि बूड चार सेंटिमीटर जाडीचे. बाहेरचे आकारमान २७ लिटर, आतली पोकळी सुमारे १३ लिटर; म्हणजे १४ लिटर माल लागला. साध्या काँक्रीटची असती तर ती रिकामीच ३३ किलोच्या आसपास भरली असती, आणि दोन माणसांवाचून हलली नसती. आपल्या मिश्रणाची ती वाळल्यावर निम्म्याहून कमी भरते. मिश्रण ओले होऊन दाबले गेले की आटते, म्हणून या डोणीसाठी कोरडे साहित्य एकूण वीस लिटर धरावे : सिमेंट पाच लिटर, म्हणजे सुमारे सात किलो, आणि कोकोपीट व परलाइट प्रत्येकी साडेसात लिटर.

परंतु पहिली कुंडी एवढी मोठी करू नये. दोन प्लॅस्टिकची टोपली घ्यावीत, एकात दुसरे ठेवले असता सभोवार तीन सेंटिमीटर जागा राहील अशी. हा झाला साचा. मोठ्याच्या आतल्या आणि लहानाच्या बाहेरच्या बाजूस स्वयंपाकाचे तेल पुसावे किंवा पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. बुडाशी निचऱ्यासाठी दोन-तीन भोके हवीत. त्यासाठी बोटाएवढ्या जाडीच्या नळीचे तुकडे उभे ठेवावेत. झाडाचा जीव या भोकांत असतो. भोक नसलेली सुंदर कुंडी म्हणजे मुळांचे हौद बुडवून मरण.

माल कालवण्यापूर्वी हातांत रबरी मोजे आणि नाकातोंडावर चांगला मास्क घालावा. येथे आम्ही आमच्या भगिनींना विशेष विनंती करतो. कणीक असो, पुरणपोळीची असो वा भाकरीचे पीठ, हाताने मळण्याची आपल्याला सवय. पण ओले सिमेंट अतिशय अल्कधर्मी असते आणि कातडी भाजते. आग तत्काळ होत नाही, म्हणूनच ते अधिक फसवे. परलाइटची आणि सिमेंटची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे. परलाइटवर आधी पाण्याचा हबका मारावा. डोळ्यांत कण गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. लहान मुलांना या पायरीवर दूर ठेवावे. त्यांच्यासाठी पुढे काम आहे.

घमेल्यात तिन्ही जिन्नस कोरडेच नीट एकजीव करावेत. मग पाणी थोडेथोडे घालावे. किती पाणी, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. कोकोपीटमध्ये आधीच किती ओलावा आहे त्यावर ते अवलंबून असल्यामुळे आकडा सांगून उपयोग नाही. परीक्षा हाताची आहे. मूठभर माल घेऊन दाबावा. मुटका वळला पाहिजे, आणि बोटांच्या फटींतून एक-दोन थेंबच आले पाहिजेत. मुटका फुटला तर पाणी कमी. धार लागली तर अधिक. पाणी अधिक झाले की कुंडी दिसायला गुळगुळीत होते पण आतून दुबळी राहते.

आधी बुडाचा थर चार सेंटिमीटर जाडीचा थापावा, भाकरीसारखा सारखा, मध्ये फुगवटा न ठेवता. मग आतले टोपले ठेवून, ते हलू नये म्हणून त्यात वाळू भरून, सभोवारच्या फटीत माल थोडाथोडा घालीत लाकडी काठीने ठोकत जावे. हवेच्या पोकळ्या राहिल्या तर तेथेच पुढे तडा जातो. कोपरे विशेष काळजीने ठोकावेत. ज्यांनी लहानपणी दिवाळीत मातीचे किल्ले केले आहेत त्यांना हे काम शिकवावे लागत नाही. बुरूज कोठे ढासळतो ते त्यांच्या हाताला ठाऊक आहे. दोन फुटांहून मोठी डोण करायची झाली, तर मोनिएची आठवण ठेवून भिंतीच्या मधोमध प्लास्टरवाले वापरतात तशी बारीक जाळी घालावी.

साचा भरला, की तो सावलीत ठेवून प्लॅस्टिकच्या कागदाने संपूर्ण झाकावा. चोवीस ते छत्तीस तासांनी नखाने ओरखडा काढून पाहावा. किंचित ओरखडा उठतो पण नख रुतत नाही, ही साचा काढण्याची वेळ. यावेळी कुंडी ओल्या मडक्याइतकीच नाजूक असते. ती काठ धरून उचलू नये, बुडाखाली हात घालावा. आता तारेच्या ब्रशाने बाहेरची कड घासावी, कोपऱ्यांची धार मोडावी. साच्याची गुळगुळीत छाप गेली, परलाइटचे दाणे उघडे पडले, की दगडाचे रूप दिसू लागते.

येथवरचे काम दोन दिवसांचे. आणि येथेच नवशिका समजतो की कुंडी झाली. आजच्या भाषणातील एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर ती पुढची न्यावी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. पापड आणि कुरडया गच्चीवर उन्हात वाळत घालण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्याच हिशेबाने ओली कुंडी उन्हात ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी ती कोरडी, कडक आणि तयार वाटते. पण पाणी उडून गेल्याने आतली रासायनिक क्रिया अर्ध्यावर थांबलेली असते. अशी कुंडी वर्ष-दोन वर्षांत काठाशी भुगा होऊ लागते. इंग्लंडातील बागाइताचा शत्रू हिम. छिद्रांतले पाणी गोठून कुंडी फोडते. बंगळुरात तो धोका नाही. आपला शत्रू फेब्रुवारी-मार्चातील कोरडा वारा आणि ऊन.

म्हणून साचा काढल्यावर कुंडीवर पाण्याचा हबका मारून ती पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी आणि सावलीत ठेवावी. तीन-चार दिवसांनी उघडून, कोरडी वाटल्यास पुन्हा हबका मारावा. असे चार आठवडे. अभियंतेदेखील सिमेंटच्या बळाची परीक्षा २८ दिवसांनी घेतात. आमच्या कचेरीत २८ दिवसांत एखादे प्रकरण निकाली निघाले तर त्याला तातडीचा निर्णय म्हणतात. तेव्हा निदान सरकारी नोकरांना तरी ही मुदत फार वाटू नये. लालबागेतील ज्या खडकावर केंपेगौडांचा मनोरा उभा आहे, त्या द्वीपकल्पीय नाइस खडकाचे वय भूवैज्ञानिक सुमारे ३०० कोटी वर्षे सांगतात. त्या मानाने चार आठवड्यांत दगड मिळत असेल तर सौदा वाईट नव्हे.

चार आठवड्यांनंतरही झाड लावण्याची घाई करू नये. सिमेंट घट्ट होताना त्यातून मोकळा चुना सुटतो. तो पाण्याबरोबर मातीत उतरला तर मुळे जळतात, पाने पिवळी पडतात, आणि दोष बिचाऱ्या रोपवाटिकेवर येतो. कुंडीत पाणी भरून ठेवावे, एक-दोन दिवसांनी ओतावे, पुन्हा भरावे. दोन-तीन आठवडे हा क्रम चालवून रंग बदलणाऱ्या चाचणीपट्टीने पाणी तपासावे. या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. आकडा आठाच्या आसपास आला, की कुंडी झाडाच्या स्वाधीन करावी. पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर घाबरू नये. मोकळा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेली ती निरुपद्रवी खडी आहे. मुलांचे काम येथे सुरू होते. पाणी भरणे, ओतणे, पट्टीचा रंग पाहून वहीत नोंद करणे. कोणतीही नोंदवही वेळच्या वेळी भरली जावी असे वाटत असेल तर ती मुलांकडे द्यावी, हा आमचा प्रशासकीय अनुभव आहे.

पण पाण्याचे नाव निघाले म्हणजे बंगळूरकराने थांबून विचार केला पाहिजे. या शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, चढावर उपसून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये टंचाई एवढी तीव्र झाली, की येथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास आणि गाड्या धुण्यास मनाई केली आणि उल्लंघन केल्यास ५,००० रुपये दंड ठरवला. त्या उन्हाळ्यात ज्या बागाइतांनी आपल्या कुंड्यांकडे असहायपणे पाहिले, ते या सभागृहातही असतील. अशा शहरात नळाच्या पाण्याने कुंड्या धूत बसणे शोभत नाही.

यावर आमच्या पंचांगातच तोड आहे. कुंडी वटपौर्णिमेच्या सुमारास कालवावी. हवेत तेव्हा ओलावा असतो, ऊन सौम्य झालेले असते. आषाढी एकादशीपर्यंत ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. हे झाले जवळजवळ चार आठवडे. एकादशीनंतर ती उघडून गच्चीवर पावसात ठेवावी. आषाढ आणि श्रावणाच्या सरी तिच्यातील चुना फुकट धुऊन नेतील. गणेशचतुर्थीस तिच्यात रोप लावावे. ऑगस्टमधील स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास लालबागेत पुष्पप्रदर्शन भरते. रोपांची निवड त्यावेळी डोळे भरून करता येते. या वेळापत्रकात नळाचे पाणी लागते ते माल कालवण्यापुरते, कोकोपीट धुण्यापुरते आणि अधूनमधून हबका मारण्यापुरते.

रोप कोणते लावावे? भिंती सच्छिद्र असल्यामुळे मुळांना हवा मिळते आणि पाणी साचत नाही. ज्यांना कोरडे पाय आवडतात अशा वनस्पतींना ही कुंडी मानवते : कोरफड, पानफुटी, सेडम, एकेव्हेरिया, क्रासुला. आपल्या घरी सर्दीखोकल्यावर उपयोगी पडणारा पानओवा, ज्याला आपले कन्नड शेजारी ‘दोड्डपत्रे’ म्हणतात, तोही उत्तम येतो. चुना चांगला धुऊन गेला असेल तर तुळसही लावावी. मात्र अनंत, इक्झोरा, अझेलिया यांना आंबट माती लागते; चुन्याच्या संगतीत ती पिवळी पडतात. त्यांना मातीचीच कुंडी द्यावी.

कुंडी कोठे ठेवावी, याविषयी दोन शब्द. सज्जाच्या कठड्यावर कदापि ठेवू नये. खालून कोणाचे तरी मूल जात असते. इमारतीच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात माणसांच्या वापरातील सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो आणि राहत्या खोल्यांसाठी सुमारे २०० किलो भार गृहीत धरलेला आहे. आपली ती ४५ सेंटिमीटरची डोण ओल्या मातीसह तीस किलोच्या घरात जाते. एक-दोन डोणींनी काही बिघडत नाही. पण एकाच जागी दहा-बारा रचू नयेत. भिंतीलगत, तुळईच्या वर, आणि खाली दोन विटांचा आधार देऊन ठेवाव्यात, म्हणजे निचरा होतो आणि गच्चीला ओल लागत नाही.

आता एक कटू गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. जगात माणसाच्या हातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो, त्याचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटच्या उत्पादनाचा आहे. कुंडी करण्याच्या हौसेने डझनावारी कुंड्या ओतणे हे निसर्गप्रेम नव्हे. बंगळुरात पॉटरी टाउन नावाचा कुंभारांचा मोहल्ला आहे. तेथील मातीची कुंडी स्वस्त आहे, सुंदर आहे आणि तिच्यावर एका कारागिराचे घर चालते. रोजच्या झाडांसाठी तीच घ्यावी. हायपरटुफाची कुंडी करावी ती जेथे मातीची फुटते, किंवा हव्या त्या आकाराची मिळत नाही, किंवा प्लॅस्टिकची उन्हाने तडकून कचऱ्यात जाते, अशा जागेसाठी. आणि करावी ती अशी, की पुढच्या वीस वर्षांत त्या जागी दुसरी करावी लागू नये. सिमेंटचा खर्च आणि निसर्गाचे ऋण या दोहोंचे समर्थन कुंडीच्या दीर्घायुष्यानेच होते, आणि ते दीर्घायुष्य पहिल्या चार आठवड्यांत ठरते. घाईने केलेली कुंडी म्हणजे सात किलो सिमेंटचा कचरा.

आमच्या गच्चीवर अशा मोजक्या डोणी आहेत. त्यांतील एक पूर्वीच्या बदलीच्या गावी घडवलेली. ती सामानाबरोबर येथे आली, आणि तिच्यातील पानफुटी वाटेत चार पाने गमावूनही जगली. आणखी काही वर्षांत आम्ही सेवानिवृत्त होऊ, निवासस्थान सोडावे लागेल. जमिनीतले झाड मागे ठेवून जाण्याची वेळ आता येणार नाही, ही भावना माणसाला फार मोठा दिलासा देते. ज्यांची मुले आज भाड्याच्या सदनिकांत राहतात आणि दर अकरा महिन्यांनी करार नवा करतात, त्यांनाही ती हवीशी वाटेल.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवून थांबतो. येत्या वटपौर्णिमेस मंडळाच्या आवारात एक घमेले, दोन टोपली आणि एक चाळणी घेऊन आपण सर्वांनी मिळून एक डोण घडवावी. आषाढीपर्यंत तिला हबका मारण्याची पाळी तरुण सभासदांनी वाटून घ्यावी, पट्टीची नोंद बालगटाने ठेवावी, आणि गणेशोत्सवात प्रवेशद्वाराशी तीत तुळस लावावी. सुवर्णमहोत्सवाच्या हिशेबात तिच्यासाठी स्वतंत्र बाब उघडावी लागणार नाही, एवढा तिचा खर्च किरकोळ आहे. सिमेंटची काळजी घेतली तर अमृतमहोत्सवी वर्षातही ती तेथेच असेल. आमच्यापैकी काहीजण तेव्हा नसतील. पण तिला पाणी घालणारे कोणीतरी मराठी मूल असावे, एवढीच अपेक्षा.